गाळातला वाफा

जालन्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून जाफराबादच्या पुढे, डोंगराखालच्या तळ्याकाठी राहायला जायचं, हे वेड आमच्या ह्यांचं. कचेरीतून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात तिथं दोन खोल्या घेऊन मोकळे झाले. मला विचारलं, पण घेतल्यावर. मी म्हटलं, या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत राहीन. तेवढ्यात मन रमलं नाही, तर चंबूगबाळं आवरून परत यायचं. ह्यांनी आनंदानं मान डोलावली.

घर बघितलं तेव्हा कार्तिक होता, पाणी पायरीला लागलेलं. आम्ही सामान घेऊन पोचलो तेव्हा चैत्र. मधे एक डबकं, भोवती भेगाळलेला गाळ. "कुठंय तुमचं तळं?" मी विचारलं. ह्यांनी चष्मा पुसला.

पावसाळा आला आणि ह्यांचे मोतीबिंदू निघाले, एकामागून एक दोन्ही डोळ्यांचे. चुलीचा धूर चालायचा नाही, म्हणून हे जालन्याला मुलीकडे राहिले. मी का नाही गेले? ह्यांनी हौसेनं घेतलेल्या दोन शेळ्या कोण सांभाळणार? चार महिने मी एकटी. ओढा भरला की जीप यायची नाही, ओली लाकडं पेटायची नाहीत. ह्यांना मी रोज मनात शिव्या घालायची. मुलगी फोनवर विचारायची, "आई, कंटाळलीस ना गं?" मी म्हणायची, "जीव नकोसा झालाय." फोन ठेवायची आणि आज पायरीचे किती दगड बुडाले ते बघायला धावायची. याला काय म्हणायचं, मला तेव्हाही समजत नव्हतं.

दिवाळीला हे नवे डोळे घेऊन आले. तळं काठोकाठ भरलेलं. ओळखीतल्या प्रत्येकाला फोन करून "स्वर्ग आहे स्वर्ग" म्हणायला लागले.

माघात पाणी मागं सरलं. तिथं तळ उघडा पडला की गाव त्यात गाळपेर करतं. दोरी धरून ज्याच्या त्याच्या वाट्याचा वाफा आखून देतात. हे वही-पेन घेऊन सगळ्यांत पुढे उभे. दोरी धरणाऱ्या म्हाताऱ्यानं ह्यांना हातानं बाजूला केलं.

"साहेब, तुमी पाव्हणे. पावसाळाभर ज्याची चूल पेटली त्याला वाफा. ह्यो वाफा बाईचा हाये."

सगळे हसले. हेही हसले. पण घरी आल्यावर चहा समोर गार झाला तरी कपाला हात लावला नाही. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

मी काकडी लावली. शेजारणीनं बी दिलं, बोट किती खुपसायचं तेही दाखवलं. हे एकदाही वाफ्यात उतरले नाहीत. पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा म्हणाले, "तुझं वर्ष भरलं. चल परत. शेळ्या शेजारी देऊन टाकू. तुला हेच हवं होतं ना?"

हेच हवं होतं.

"अहो, काकडीला फुलं आलीत."

"मग?"

जालन्याचं घर हवंच होतं, तिथला नळ, गॅस, मुलगी. रात्री सामान बांधलं, सकाळी उठून माझं तेवढं सोडलं.

पाडव्याला गुढी उभारली, पुरण शिजत घातलं आणि मी पाणी द्यायला वाफ्यात उतरले. बांधावर जीप येऊन हॉर्न वाजवायला लागली. हे पिशवी घेऊन पायरीवर आले.

"येतेस ना?" ह्यांनी वरून हाक दिली.

"सणाचं उपाशी कुठं निघालात?" मी खालून ओरडले. "जेवून तरी जा!"

शब्द तोंडातून गेले आणि मी हातातल्या घागरीसकट तशीच उभी राहिले. असं आपण घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतो. मी जाणार नाही, हे मला कळायच्या आधी ह्यांना कळलं होतं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. जीप वाट बघून निघून गेली. मग हे चपला काढून, धोतर सावरावं तशी पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, गाळात उतरायला लागले. माझ्यासाठी थांबले की नुसते जेवणापुरते, हे मी अजून विचारलेलं नाही. दुसरी घागर मात्र त्यांच्या हातात दिली.