शीड आणायला गेलेले काका

आमचे काका सोफे शिवायचे. दुकान मुलीकडे सोपवल्यावर त्यांनी अंगणात कॅटमरान बांधली, म्हणजे दोन अरुंद होड्या जोडून केलेली एकच होडी. राहिलं होतं फक्त शीड आणि डोलकाठी. दूरच्या शहरात एक बाई वापरलेलं सामान विकतेय असं कळलं आणि काका आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले.

"फाटकं उचलून आणू नका," काकूंनी बजावलं.

बाई होत्या निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांनी दिवाणखानाभर शीड अंथरलं. काका रांगत रांगत एकेक शिवण चाचपू लागले, तशा बाईही समोरून रांगत आल्या. मधोमध दोघांची डोकी आपटली.

"ही शिवण कुणाची?" कपाळ चोळत काकांनी विचारलं.

"माझीच. वाकडी आहे ना?"

"वाकडी आहे, पण पक्की आहे."

बाई खूश झाल्या. सौदा तिथेच ठरला.

विमानतळावरची मुलगी मात्र डोलकाठीकडे बघून म्हणाली, "काका, ही आत घेतली तर अर्धी बाहेर राहील."

मग शीड विमानाने आलं आणि डोलकाठी मागाहून ट्रकने. ड्रायव्हरशेजारी बाई बसल्या होत्या.

"म्हटलं, उभी करताना चुकाल," त्या उतरता उतरता म्हणाल्या.

काकूंनी आधी नवऱ्याकडे रोखून पाहिलं, मग चहा टाकला. संध्याकाळपर्यंत दोघींचं मेतकूट जमलं.

होडी पाण्यात उतरली त्या दिवशी काकांनाच बोट लागली. ते काठावर लिंबू चोखत बसले आणि त्या दोघी खिदळत पार पलीकडे जाऊन आल्या.