गाठीखालची ठिणगी

नेंगा सुवेका गाडीला हात लावण्याआधी कान लावत असे. अगुंग पर्वताच्या उत्तर उतारावर, जिथे जुन्या लाव्ह्याचे काळे दगड शेतातल्या मक्याहून दाट आहेत, त्या आमच्या बेटावरच्या मुलखात त्या काळी उणीपुरी तीन वाहने होती, आणि तिन्ही त्याच्या हातांवर जगत होती. कारखाना म्हणजे चिंचेखालची सावली. हत्यारे म्हणजे दोन पाने, एक पक्कड, आणि एका मोडक्या गाडीच्या सिग्नलमधून काढलेला छोटा बल्ब. त्या बल्बला दोन तारा जोडलेल्या. एक तार इंजिनाच्या लोखंडाला लावायची, दुसरी जिथे शंका असेल तिथे टेकवायची. बल्ब लागला, तर वीज तिथवर आली. नाही लागला, तर ती वाटेत कुठेतरी अडली. देवघरात दिवा लावावा तशा एकाग्रतेने तो हा बल्ब लावी. "वीज खोटं बोलत नाही," तो म्हणे, "आपण तिला विचारत नाही, एवढंच."

त्याची स्वतःची गाडी तिघींत वयाने थोरली. मागे उघडी, पुढे तिघांपुरती बैठक, रंग कोणता होता हे आता कुणी सांगू शकत नसे. ती प्रथम दारी आली तो दिवस शस्त्रांचा आणि हत्यारांचा सण होता, तुंपेक लांदेप. दर सात महिन्यांनी येणाऱ्या या सणाला आमच्याकडे कोयत्यापासून इंजिनापर्यंत सगळ्या लोखंडाची पूजा होते. नेंगाची आई, जिला तो मेमे म्हणे, झावळीच्या ताटलीत फुले आणि हातात लाल-पांढरा-काळा तिरंगी दोरा घेऊन आली, आणि तिने विचारले, "हिचं काळीज कुठे आहे रे?"

नेंगाने इंजिनाच्या कुशीतले डिस्ट्रिब्युटर दाखवले. "इथं. आग इथून वाटली जाते."

मग दोरा आरशाला नाही की चाकाला नाही. मेमेने तो डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला, जिथे विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलकडून येणारी बारीक तार नटाने आवळलेली असते, तिथे गुंडाळला आणि वरून तीर्थ शिंपडले. पुढच्या सणाला दुसरा दोरा, त्यावर तीर्थ. जुना काढायचा नाही, नवा वर बांधायचा. चार दोरे बांधून मेमे गेली. उरलेले नेंगाने बांधले. तेरा वर्षांत ती गाठ अंगठ्याएवढी जाड झाली, तेलाने काळी झाली, दगडासारखी घट्ट झाली. झाकण उघडून आतले पॉइंट तो कितीदा तरी साफ करी. त्या गाठीला मात्र त्याचे बोट कधी लागले नाही, लागले तर फक्त नमस्कारापुरते.

मेमेला जाऊन अकरा वर्षे झाली होती, पण मेमे अजून गेली नव्हती. आमच्या गावात गरिबाचा देह आधी मातीत ठेवतात आणि पाच-सहा वर्षांनी सगळ्या गावाच्या मृतांचे दहन एकत्र करतात. आत्मा सुटतो तो त्या दिवशी. सहा वर्षांपूर्वी असे दहन झाले तेव्हा नेंगा शेजारच्या बेटावर बोटींची इंजिने दुरुस्त करत होता. निरोप उशिरा पोचला, आणि मुलाच्या हाताविना मेमे मातीतच राहिली. त्याची थोरली बहीण केर्ति हे विसरली नव्हती. तिने ते कुणाला विसरूही दिले नव्हते.

आणि आता तसा दुसरा दिवस उगवला होता. सत्तावीस मृतांचे दहन. अग्नी द्यायचा तो सूर्य पर्वताआड जाण्याआधी, आणि द्यायचा तो वरच्या झऱ्याच्या देवळातले तीर्थ शिंपडल्यावरच. ते आणण्याचा मान नेंगाच्या गाडीला मिळाला होता. बाकीची दोन वाहने लाकूड आणि बांबू वाहून स्मशानात उभी होती. देवळाचे पुजारी जेरो मांकु पांढऱ्या वस्त्रांत मध्ये बसले होते; दाराशी केर्ति, मांडीवर नव्हे, दोन्ही हातांनी कपाळाच्या वर तीर्थाचा घडा धरून. ते पाणी जमिनीला टेकवायचे नसते.

उतरताना एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडीने जोराचा गचका खाल्ला आणि इंजिन मूक झाले. मागे चढ, पुढे चढ. गाव चौदा किलोमीटर. सूर्य अजून उंच होता, पण कलायला लागलेला.

नेंगाने किल्ली फिरवली. सेल्फने इंजिन जोमाने फिरवले, पण ते पेटेना.

"माझ्यासारखीच झाली ही," जेरो मांकु म्हणाले. "खोकते जोरात, उठत मात्र नाही."

"जेरो, तुम्ही हसा," केर्ति खाली उतरत म्हणाली. घडा तिने डोक्यावर घेतला होता. "याला कधीपासून सांगतेय, ही विक. पण नाही! गावच्या गाड्या धडधाकट, आणि मेकॅनिकाचीच मेली रस्त्यात."

"म्बोक, गप्प बस ना जरा. ऐकू दे."

ताईला म्बोक म्हणतात आमच्याकडे, आणि हा शब्द नेंगा रागातही मऊ आवाजातच उच्चारी. त्याने जेरो मांकुंना किल्लीशी बसवले आणि स्वतः बॉनेट उघडले.

सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. कार्बोरेटरची नळी सोडली. पेट्रोल पिचकारीसारखे आले. मग एका प्लगची वायर काढून तिचे टोक लोखंडाजवळ धरले. "सेल्फ मारा, जेरो!" इंजिन फिरले. ठिणगी नाही. कॉइलची मुख्य वायर धरली. तीही आंधळी.

"करंट नाही," तो पुटपुटला, आणि खिशातून बल्ब काढला.

कॉइलच्या पहिल्या टोकाला बल्ब लख्ख लागला. दुसऱ्या टोकाला लावला, तिथेही लागला. इथेच खरी परीक्षा होती. इंजिन फिरत असताना या टोकाचा बल्ब लुकलुकायला हवा, कारण आतले पॉइंट उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात, आणि त्या प्रत्येक उघडण्यातून एक ठिणगी जन्मते. "मारा!" इंजिन फिरले. बल्ब स्थिर राहिला. समाधीत बसल्यासारखा स्थिर.

"लागला की!" केर्ति म्हणाली. "उजेड आहे, मग रडतोयस का?"

"आहे तेच वाईट आहे, म्बोक. विझायला हवा. वीज इथं येऊन थांबलीये, पुढं जातच नाही."

त्याने डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फुंकले, पुसले. "मारा!" बल्ब तसाच. मग त्याने दोन पॉइंटांच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवला आणि बल्बची तार थेट पॉइंटला टेकवली.

अंधार.

कॉइलपाशी उजेड, पॉइंटपाशी अंधार. मध्ये होती ती वीतभर तार, वरून धडधाकट दिसणारी. त्याने शर्टाच्या पिनेने ती जागोजाग टोचून पाहिली. कॉइलजवळ उजेड. मध्ये उजेड. गाठीच्या अगदी काठाशी उजेड.

त्याचा हात थांबला.

गाठ टाळून आतून दुसरी तार जोडून पाहिली, तर झाकण बसेना. वाकवून पाहिली, दाबून पाहिली, झाकण बसेना. काळ्या दगडांवरच्या सावल्या लांबू लागल्या होत्या. केर्तिच्या मानेवरून घाम वाहत होता, कोपर थरथरत होते, घडा हलत नव्हता.

"काय झालं? नेंगा! बोल की!"

"काही नाही."

"काही नाही, तर मग हात का जोडून उभा आहेस?"

तेव्हा त्याला कळले, की आपले हात खरोखरच जोडलेले आहेत.

"दोष गाठीखाली आहे," तो म्हणाला. "नटाशी. गाठ मेमेची आहे, म्बोक. सगळ्यात आतली. तिच्या हाताचं माझ्याजवळ एवढंच उरलंय." त्याने नखाने ती सोडवण्याचा प्रयत्न केला. नख तुटले, दोरा सुटला नाही. "कापावी लागेल. देवाच्या दोऱ्याला पक्कड लावू? आज? आजच्या दिवशी?" तो पुजाऱ्यांकडे वळला. "जेरो, तुम्ही सांगा."

जेरो मांकु गाडीतून उतरले, गाठीजवळ वाकले, आणि दोऱ्यांचे थर निरखू लागले. पर्वताच्या कडेवर उन्हाचा रंग बदलत होता.

"मी सांगितलं, तर पाप माझ्या डोक्यावर टाकशील," ते शेवटी म्हणाले. "लबाड आहेस तू. आई तुझी आहे."

"सहा वर्षांपूर्वी तू नव्हतास," केर्ति म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो अधिक लागला. "मी एकटीनं बघितलं. सगळ्यांच्या चिता पेटल्या, आणि आपली मेमे खड्ड्यात. आज तू आहेस. हात आहेत, पक्कड आहे. तरी आणखी पाच वर्षं ठेवणार तिला तिथं? एका दोऱ्यापायी?" आणि मग हळूच, "माझे हात भरून आलेत रे, नेंगा."

त्याने डोक्याचे वस्त्र सोडले आणि गाठीखाली पसरले. जेरो मांकुंनी त्याची दोन टोके धरली, जेणेकरून एक धागाही जमिनीवर पडू नये. नेंगाने कपाळ गाठीला टेकवले. पक्कड मिटली. एक थर सुटला, दुसरा सुटला. लाल, पांढरा, काळा. आणि सगळ्यात आत मेमेचा दोरा, रंग हरवलेला, तीर्थाने कुजलेला. त्याच्याखाली पितळेचा नट हिरव्या गंजाने फुगला होता. तेरा वर्षे शिंपडलेले तीर्थ त्या दोऱ्यांनी मायेने धरून ठेवले होते, आणि त्याच ओलीने विजेची वाट बुजवली होती. आजच्या गचक्याने उरलासुरला स्पर्शही तुटला.

नट सोडला. गंज घासला. पितळ पिवळे झाले. तार आवळली. पॉइंटमधला कागद काढला, झाकण बसवले. जेरो मांकु दोऱ्यांची पुरचुंडी बांधून पुन्हा किल्लीशी बसले.

"मारा, जेरो."

इंजिन फिरले, खोकले, थांबले.

"अरे देवा," केर्ति म्हणाली.

"पेट्रोल जास्त झालंय. ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरा. पूर्ण दाबा. मारा!"

इंजिन फिरले, गुरगुरले, आणि पेटले.

केर्तिला घड्यासकट आत चढवायला दोघे लागले. पुढचे चौदा किलोमीटर नेंगाने रस्ता पाहिला, केर्तिने सूर्य पाहिला, आणि जेरो मांकुंच्या मांडीवर त्या वस्त्राची पुरचुंडी होती.

ते स्मशानात पोचले तेव्हा सूर्याची खालची कड पर्वताला टेकली होती. सत्तावीस घरची माणसे उभी राहिली. केर्तिने घडा जेरो मांकुंच्या हातात दिला, आणि तिचे हात वर तसेच राहिले, खाली येईनात. बायकांनी ते धरून उतरवले. सत्तावीस ठिकाणी तीर्थ शिंपडले गेले. नेंगाने मेमेच्या अस्थींच्या पांढऱ्या गाठोड्यावर ती पुरचुंडी सोडली, दोरे पसरले, आणि मशाल लावली.

लाकूड दमट होते, बांबू हिरवा होता. पण दोऱ्यांत तेरा वर्षांचे तेल मुरले होते. सत्तावीस चितांत सर्वांआधी तेच पेटले.