चढावरचा बाक

लिफ्टवाले काका निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस घरी बसून बायकोचं डोकं खाणार. पण हयातभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली केलेल्या माणसाला घरातली खुर्ची टोचते. सकाळी चहा झाला की काका पायांत चपला सरकवायचे आणि बाहेर पडायचे.

कामात त्यांचा एक हट्ट होता. लिफ्ट दुरुस्त करून झाली तरी दारावरची 'बंद आहे' ही पाटी ते लगेच काढत नसत. आधी स्वतः एकटे तळापासून गच्चीपर्यंत जाऊन यायचे, मगच पाटी निघायची. खाली लोक पिशव्या घेऊन ताटकळत असायचे. कुणीतरी टोमणा मारायचंच, "काका, फुकटात फिरून घेताय होय?" काका म्हणायचे, "पडलो तर मी पडेन. तुमची अंडी तरी शाबूत राहतील."

काकूंचं दुखणं फुफ्फुसांचं होतं. थोडं चाललं की श्वास पुरेनासा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, "चालणं सोडू नका, पण दम लागायच्या आधी बसत जा."

"कुठे बसू? रस्त्यात?" काकूंनी विचारलं.

डॉक्टर हसले. औषधांची नावं लिहून त्यांनी कागद काकांच्या हातात दिला. बसायचं कुठे, ते त्या कागदावर नव्हतं.

त्यांची मुलगी दूरच्या गावी नोकरीला होती. सुट्टीत आली तेव्हा तिने वडिलांच्या मोबाइलमध्ये एक नकाशा घालून दिला. "बाबा, हा कुठल्या कंपनीचा नाही. लोकांनीच भरलाय, तुमच्या-माझ्यासारख्यांनी. नळ, जिने, झाडं, बाक, दिसेल ते टाकायचं. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतं."

"आणि कुणी खोटं टाकलं तर?"

"म्हणून तर नियम आहे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच टाकायचं."

"हे मला शिकवू नकोस," काका म्हणाले.

आणि मग त्यांना नादच लागला. बाक दिसला की ते थांबायचे, मोबाइल काढायचे आणि नकाशावर खूण करायचे. मोबाइल विचारायचा, पाठ टेकायला आहे का? हात टेकायला आहे का? काका आधी बसून बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. बागेतले, दवाखान्याबाहेरचे, बसथांब्यावरचे असे सगळे बाक नकाशावर आले. कुठल्या बाकाचा पाय डुगडुगतो, हेसुद्धा त्यांनी लिहिलं.

"लोक म्हातारपणी नातवंडं खेळवतात," काकू म्हणायच्या, "आमचे हे बाक खेळवतात."

पण काकूंनाही त्याची गोडी लागली. त्यांच्या मोबाइलवरही तोच नकाशा आला. रस्ता आता त्यांना या बाकापासून त्या बाकापर्यंत असा दिसायला लागला. एका बाकावरून उठायचं आणि पुढच्यावर टेकायचं. अशा त्या बाजारापर्यंत गेल्या, एकदा बागेतही जाऊन आल्या. काका त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालत. जवळ चाललं की काकूंना राग यायचा. "मी काय बिघडलेली लिफ्ट आहे का, सारखं बघताय ते?"

काकूंना खरं जायचं होतं ते एकाच ठिकाणी, धाकट्या बहिणीकडे. धाकटी चढावरच्या गल्लीत राहायची. चढाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले होते, त्यामुळे गाडी तिथेच सोडायची आणि पुढे पायी जायचं. धाकटीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाली उतरत नव्हती आणि काकू वर चढू शकत नव्हत्या. पूर्वी चढाच्या मध्यावर एक बाक होता. पाण्याचे पाइप घालताना तो उपटून नेला, तो परत आलाच नाही. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या. "ताई, तू ये," धाकटी म्हणायची. "आधी बाक येऊ दे," ताई म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटावं, बाक म्हणजे घरातलाच कुणी परगावी गेलेला माणूस आहे.

काकांनी वॉर्ड ऑफिसचे उंबरठे झिजवले. तिथल्या कारकुनाला ते तोंडपाठ झाले होते. "या, बाकवाले," तो म्हणायचा. शेवटी एके दिवशी कारकुनाने त्यांना मागच्या आवारात नेलं. तिथे नवाकोरा बाक भिंतीला टेकवून ठेवलेला होता. हिरवा रंग, पाठ टेकायला पट्ट्या, दोन्ही बाजूंना हात टेकायची सोय. "हा तुमचा. कंत्राटदार आला की लागला म्हणून समजा."

काका त्या बाकावर बसून आले. वाटेत चढाच्या तोंडाशी थांबले. मोबाइल काढला. चढाच्या मध्यावर बोट ठेवलं आणि खूण केली. पाठ आहे. हात टेकायला आहे. एवढे दिवस बाक नव्हता, आता चार-आठ दिवसांचाच तर प्रश्न होता. बाक तर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, बसूनही पाहिला होता. फक्त तो तिथे नव्हता.

घरी काकूंनी मोबाइल उघडला. औषधांच्या दुकानाबाहेरचा बाक, मग चढ, चढावर खूण आणि मग धाकटीचं दार. त्यांनी बोटाने ती वाट एकदा चालून पाहिली. त्यांचा चेहरा काकांनी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

"लागला का हो?"

काकांनी होकाराची मान हलवली. नकाराची मान हलवायला हवी होती, ती हलली नाही.

कंत्राटदार आला नाही. काका पुन्हा वॉर्ड ऑफिसच्या वाऱ्या करू लागले, काकूंना काही न सांगता. बाहेर पडताना म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." अशाच एका सकाळी ते कारकुनासमोर बसलेले असताना इकडे धाकटीचा फोन आला. "ताई, आज बरं वाटत नाही गं." "आलेच," म्हणत काकूंनी पदर खोचला, रिक्षा केली, खांबांपाशी उतरल्या आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसून दम घेतला. मग चढायला लागल्या.

मध्यावर पोचल्या तर बाक नाही. मोबाइलमध्ये बघितलं तर खूण तिथेच, त्यांच्या पायांखाली. काकूंना वाटलं, आपल्यालाच नीट बघता येत नाही, नवऱ्याने टाकलेली खूण चुकायची नाही. बाक थोडा वर असेल. त्या आणखी वर गेल्या. तिथेच त्या खाली बसल्या आणि मग बसवेनासं झालं.

तिथल्या इस्त्रीवाल्याने पळत जाऊन खुर्ची आणली. चौघांनी काकूंना खुर्चीसकट उचललं आणि खाली नेलं, कारण गाडी खाली होती. वर दारात धाकटी चौकटीला धरून उभी होती. ताई येतेय म्हणून ती दारात आली होती. ताईला उलट्या दिशेने नेताना तिने पाहिलं. काकूंनी हात वर केला. तो निरोपाचा होता की 'थांबा' म्हणायचा, हे उचलणाऱ्यांना कळलं नाही. ते थांबले नाहीत.

काकू हॉस्पिटलातून घरी आल्या त्या नाकात नळी घेऊन. पलंगाशेजारी मशीन दिवसभर घरघरत असतं. नळी पुरते तेवढंच त्यांचं चालणं. मुलगी येऊन राहून गेली. तिला काकांनी सगळं सांगितलं. काकूंनीही ते ऐकलं. त्यावर त्या एकदाच बोलल्या. "तुम्ही पाटी आधी काढलीत हो." त्यात राग नव्हता. राग असता तर काकांना तो धरता आला असता.

खूण काकांनी काकूंना हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी पुसली होती.

पुढे धाकटीला तिच्या मुलाने आपल्या गावी नेलं. जाताना तीही खुर्चीतूनच चढ उतरली. गाडी ताईच्या दारावरून न्यायचं ठरलं होतं, पण उशीर झाला, ते राहून गेलं. आता फोनवर दोघी फार बोलत नाहीत. एकीला दम पुरत नाही, दुसरीला ऐकू येत नाही.

त्यानंतर बाक लागला. इस्त्रीवाल्याने सांगितलं म्हणून काका गेले. तोच हिरवा बाक, रंग थोडा उडालेला. काका बसले. मागे टेकून पाहिलं, हात टेकून पाहिले. वर धाकटीच्या दाराला कुलूप होतं. मोबाइल काढला आणि तसाच खिशात ठेवला.

घरी काकूंनी डोळे न उघडताच विचारलं, "कुठे गेला होतात?"

"चढावर. बाक लागला."

"बसून पाहिलंत?"

"पाहिलं."

"पाठ आहे?"

"आहे."

"मग टाका," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. वळताना नळी ताणली गेली. काकांनी ती सोडवून दिली आणि पलंगाच्या कडेला बसून खूण केली.