झोपेची पुडी

वैद्याच्या कागदी पुडीची घडी दिसली की १९५५ सालची धुळ्यातली ती सकाळ आठवते. दवाखान्यात डॉक्टर, आई आणि मी, तिघेच होतो. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आईला भोवळ येई. आदल्या दिवशी ती चुलीजवळ पडली होती. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध घेतात?" मी "नाही" म्हणालो. ते आईकडे वळले, "अक्का, निजताना पोटात काय काय जातं?" आई आपल्या अहिराणीत म्हणाली, "भाकर, दूध, मंग वैद्यबुवानी सर्पगंधानी पुडी. ती काय औषध शे का, भाऊ? ती ते झोपनी शे!" डॉक्टर म्हणाले, "अहो, माझी गोळीही त्याच मुळीची! दोन्हींनी मिळून रक्तदाब फारच उतरतोय." पुडी बंद झाली, भोवळ थांबली. गोळ्या रोज मीच मोजून देत होतो; 'नाही' मात्र आईला न विचारताच म्हणालो होतो.