बाबांच्या कानातलं इंजेक्शन: स्प्रे की मलम?

वसईकरांनो, कानात इंजेक्शन देण्याआधी बधिर करायला स्प्रे चांगला की मलम? मला खरंच माहीत नाही.

माझ्या बाबांना अचानक कमी ऐकू येऊ लागलं, म्हणून कानाच्या पडद्यातून औषध टोचतात. मागच्या आठवड्यात स्प्रे मारला होता. "दुखलं नाय," म्हणाले, पण पुन्हा यायला तयार नव्हते. उपचार अर्धवट सुटले तर, या धास्तीने आज गोखिवऱ्याहून बळेच आणलं.

डॉक्टरांनी या वेळी मलम लावून तासभर बसवलं. सुई टोचून बाहेर काढली तरी बाबा विचारत होते, "कवा टोचनार?"

मग हळूच म्हणाले, "मागल्या टायमाला लय दुखलेलं गं. तू एवढी धावपळ केलीस, तुला कसं सांगनार?"

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. तरी उरलेल्या दोन्ही इंजेक्शनांसाठी कागदावर 'मलम' लिहून घेऊनच मी दवाखान्यातून निघाले.