परभणीत हीटर कोणाला लागतो

निवृत्त प्राध्यापकांची ती दोन दरवाज्यांची, बसक्या बांध्याची स्पोर्ट्स कार वीस वर्षांपूर्वीची आहे. मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याने ती वडिलांकडे ठेवली. यंदा एप्रिलमध्ये सर पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाऊन आले आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यानेच आमच्या गॅरेजात उतरले. एसी चालू, पंखा जोरात, हवा मात्र गरम.

गॅरेज उस्तादांचं. माझे आईवडील राणीसावरगावच्या शिवारात दुसऱ्यांच्या शेतात राबले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत उस्तादांनी मला काम दिलं आणि परीक्षा जवळ आली की रागावून घरी पाठवलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो तेव्हा माझ्या आधी त्यांनीच गल्लीत पेढे वाटले. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, हे मी कधी विसरलो नाही. तरीही पुढचं घडलं.

एसी तपासायची उस्तादांची रीत ठरलेली. इंजिन चालू ठेवायचं, बॉनेट उघडून एक हात बारीक नळीला लावायचा आणि दुसरा जाड नळीला. बारीक गरम आणि जाड गार लागली की गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक. दाब मोजायचं गेज नंतर, खात्रीसाठी. आणि गॅरेजचा एक नियम होता, कुणी लिहून न ठेवलेला. उस्ताद गिऱ्हाइकाला निदान सांगत असताना मधे बोलायचं नाही. शंका असली तर चहाच्या वेळी काढायची.

त्या दिवशी उस्ताद वाकले, नळ्या चाचपल्या आणि म्हणाले, "गॅस बरोबर हाय. गार व्हायलंय. मदी कुनीतरी ते गरम करायलंय."

मला हे निदान वाटलंच नाही. उस्तादांना बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. महिनाभरापूर्वी तापलेल्या सायलेन्सरवर त्यांचा तळहात टेकला होता आणि फोड येईपर्यंत त्यांना कळलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं. म्हणून मी सरांना म्हणालो, "सर, उस्तादांच्या हाताला आता गरम-गार कळत नाही. मी गेज लावून सांगतो."

काळजीनेच बोललो, असं मी स्वतःला सांगितलं.

सरांनी उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. "उस्ताद, लय वर्षं केलंत. आता पोराच्या हाती द्या." उस्तादांनी फडक्याला हात पुसले आणि बाहेर टायरांच्या ढिगाजवळ जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच गाडीच्या नळीला हात लावला नाही. कुणी काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचे.

गेजवर दाब जवळजवळ बरोबर होता. एका बाजूला किंचित कमी. तेवढ्या किंचितवर मी गॅस मोजून आत सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हला दोष दिला, तो बदलला, गॅस नव्याने भरला. हवा गरमच. तीन दिवस मी त्या गाडीत डोकं घालून बसलो आणि तीन दिवस उस्ताद बाहेर बसून होते.

चौथ्या दिवशी इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे नेणाऱ्या नळ्यांना माझा हात लागला. दोन्ही चटका बसेल इतक्या गरम. तापमान सगळ्यात कमीवर ठेवलं होतं, म्हणजे हीटरचा व्हॉल्व्ह बंद असायला हवा होता. नळी धरून व्हॉल्व्हपाशी पोचलो. त्याच्या वायरचा प्लग काढलेला होता आणि टोकाला निळी टेप नीट गुंडाळलेली होती. निळी टेप आमच्या गॅरेजात फक्त मी वापरतो.

मग आठवलं. दिवाळीनंतर या गाडीची बॅटरी मीच बदलली होती. तेव्हा ही वायर सालं निघालेली दिसली. परभणीत हीटर कोणाला लागतो, म्हणून मी ती काढून बांधून टाकली. इकडे सगळेच असं करतात. पण ही गाडी थंड मुलखासाठी बनवलेली. तिथे वायर तुटली तर माणूस आत गारठू नये, म्हणून हा व्हॉल्व्ह विजेवर बंद राहतो आणि वीज गेली की उघडून गरम पाणी हीटरमध्ये सोडतो. थंडीत सरांना एसी लागला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. एसी पहिल्या दिवसापासून गारच करत होता. त्या गार हवेला मधेच गरम करणारा माणूस मी होतो.

प्लग बसवला की झालं असतं. सरांनी माझी पाठ थोपटली असती आणि उस्ताद तिथेच बसून राहिले असते. मी सरांना फोन करून बोलावलं, उस्तादांनाही गाडीजवळ या म्हणालो, दोघांसमोर सगळं सांगितलं आणि मगच वायर नीट करून प्लग बसवला.

सर म्हणाले, "म्हणजे उस्तादांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"हो सर."

"मग तुमच्या इंजिनिअरला परत शाळेत घाला, उस्ताद."

उस्ताद हसले. पोरगं आहे, चुकतं, एवढंच म्हणाले. गार हवा खात सर गेले. गाडी वळणाआड झाल्यावर उस्तादांनी बाही वर सारली आणि मनगटाची आतली बाजू मला दाखवली.

"तू खोटं न्हाई बोललास. पंजा मेलाय माझा, दोन साल झाले. मी हितनं बघायलोय. कुनाच्या ध्यानात आलं न्हवतं."

मी माफी मागितली. त्यांनी बाही खाली घेतली आणि पुढची गाडी आत घ्यायला सांगितलं.

ते पुन्हा नळ्या तपासू लागले आहेत. पण सरांनी ही गोष्ट मोठ्या कौतुकाने गावभर सांगितली, हाताच्या आजारासकट. गिऱ्हाइकं आता आधी उस्तादांच्या हाताकडे बघतात आणि मग माझ्याकडे वळतात. उस्ताद म्हणतात तेच बरोबर, असं मी गेजला हात न लावता सांगतो. तरी गिऱ्हाइकं गेज लागेपर्यंत थांबतात. उस्तादही थांबतात.