वायरची घडी

शहाद्यात लोक मला साऊंडवाला नमनशेठ म्हणतात. आमचे बाबूजी, इंदरमलजी, मला अजून कापडवालाच समजतात, आणि शेवटी बाबूजींचंच खरं निघालं. कसं ते सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, मी आधीच हसून घेतलंय.

साडीचं दुकान आमचं तीन पिढ्यांचं. एरवी मी गादीवर बसून साड्या उलगडतो आणि लग्नसराईत टेम्पोत पेट्या भरून साऊंड लावायला जातो. गेल्या वर्षी डिजिटल मिक्सर आणला. स्टेजवर एक पेटी ठेवायची, तिच्यात सगळे माईक खोचायचे, आणि तिथून मिक्सरपर्यंत करंगळीहून बारीक अशी एकच वायर. पूर्वी याच कामाला मनगटाएवढा जाड जुडगा ओढत न्यावा लागे. सामान आलं त्या दिवशी मी बाजारातून असा काही चाललो, की लोकांनी माझ्या बायकोला विचारलं, शेठची मान आखडली का.

निवेदनाला माझ्यासोबत दिनेश असतो. धडगावकडच्या डोंगरातला, घरी पावरी बोलणारा. लहानपणी तो बोलताना फार अडखळायचा. शाळेत हजेरीला साधं ‘हजर’ म्हणता येत नसे, म्हणून मास्तर त्याची गैरहजेरी लावून मोकळे. मग कबड्डीच्या मैदानात कुणीतरी त्याच्या हातात भोंगा दिला आणि खेळाडूंची नावं ओरडता ओरडता गडी मोकळा झाला. आता तो खताच्या दुकानात काम करतो, आणि माईक हातात आला की अशा शुद्ध मराठीत बोलतो की नवरदेवाचा रुसलेला मामासुद्धा खुर्चीत सरळ बसतो.

धानोऱ्याच्या लग्नात घोटाळा झाला. दिनेश पाहुण्यांची नावं घेत होता आणि त्याचे शब्द मधूनच गायब व्हायला लागले. धनसिंगचा नुसता ‘सिंग’ राहिला. गाणी मात्र खणखणीत, कारण गाण्यांचा लॅपटॉप माझ्या शेजारी होता; स्टेजवरून येणाऱ्या वायरीशी त्याचा संबंधच नव्हता. हे मांडवाला काय माहीत? गाणी चांगली म्हणजे साऊंड चांगला, म्हणजे दिनेश पुन्हा अडखळतोय, असं लोकांनी ठरवून टाकलं. पुढच्या रांगेतल्या एकाने त्याची नक्कल केली. आणि मी, एवढा मोठा डिजिटलवाला, उठून त्याच्या कानात काय सांगावं? दम खाऊन बोल जरा. दिनेशने माईक माझ्या हातात दिला आणि तो खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: प्रकाशा गावच्या सामूहिक विवाहाला दुसरा माणूस बघा, मी माईक सोडला.

मी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. शब्द कात्रीने कापल्यासारखे तुटत होते. माणूस असा अडखळत नाही. दिनेशला ऐकवलं तर म्हणाला, तुम्ही माझी समजूत काढताय. दोष सापडला का सांगा. सापडला कुठे होता! मी माईक बदलला. पेटी बदलून आणली. जनरेटरच्या वायरीपासून ही वायर हातभर लांब नेली. मिक्सर आणि पेटी यांच्यात कुणाच्या तालावर कुणी चालायचं हे सेटिंगमध्ये ठरवावं लागतं, तेही चारदा ठरवलं. शेवटी मिक्सरला लिंबू-मिरची बांधली. गोदामात सगळं सुरळीत चाले, मांडवात गेलं की पुन्हा तेच. मी त्या कंपनीला, जनरेटरवाल्याला आणि तापीकाठच्या दमट हवेला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग एका दुपारी शांतीबाई दुकानात आल्या. लेकीचा लग्नातला शालू घडीवर चिरला होता आणि त्या मला फाडून खायला उठल्या होत्या. मी नेहमीचं प्रवचन सुरू केलं. मावशी, घडी बदलत जा. जरीची तार एकाच घडीवर दाबून ठेवली की आतल्या आत तुटते, वरून काही दिसत नाही.

एवढं म्हणालो आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

कारण प्रत्येक कार्यक्रमानंतर मी ती वायर कशी ठेवत होतो? कापडाच्या गजावर मापून, साडीसारखी घडी घालून, वर गुडघा देऊन दाबून, काठाच्या पट्टीने बांधून. दर वेळी त्याच जागी घडी. माझ्या साऊंडच्या धंद्यात बाबूजींनी आयुष्यात एकाच गोष्टीचं कौतुक केलं होतं, ते या घडीचं. गोदामात ती हलत नव्हती म्हणून चालत होती. मांडवात कुणाचा पाय लागला की तुटकी तार आत सुटायची.

शांतीबाईंना नवा शालू देऊन टाकला, त्या अजून कोड्यात आहेत. दिनेशला गोदामात बोलावलं. माईक त्याच्या एका हातात आणि वायरीची घडी दुसऱ्या हातात दिली. बोलता बोलता तो वायर वाकवी आणि शब्द तुटे. सरळ करी, शब्द परत येई. किती तरी वेळ तो वाकवत राहिला. मग म्हणाला, येतो प्रकाशाला.

तिथे नवी वायर होती, सैल गोल वेटोळ्यातून सोडलेली. दिनेश जोडप्यांची नावं वाचत होता, एक अक्षर पडलं नाही. मग एका नवरीच्या बापाचं नाव आलं, करमसिंग. दिनेश ‘क’ वरच थांबला. पुन्हा ‘क’. पुन्हा. मी मिक्सरवरचा दिवा पाहिला, हिरवागार, म्हणजे वायर ठीक. मागून कुणीतरी हसलं. मी काही विचार न करता टेबलाखाली घुसलो, ती बिनदोष वायर धरून वर केली आणि सगळ्या मांडवाला ओरडून सांगितलं की माफ करा, वायरचा घोटाळा आहे.

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. शुद्ध मराठी बाजूला ठेवून तो बाजारातल्या अहिराणीत माईकमध्येच बोलला, ‘‘नमनभाऊ, वायर ऱ्हाऊ द्या. वायर चांगली शे. हाई अडखळणं मन्हं शे.’’

मग त्याने सावकाश करमसिंगचं पूर्ण नाव घेतलं. म्हातारा उठून उभा राहिला आणि स्टेजकडे बघून त्याने हात जोडले. कुणी हसलं नाही. मी टेबलाखालीच बसून होतो, कारण डोळे वाहत होते, आणि तीन पिढ्यांच्या कापडवाल्याच्या खिशात एक रुमाल नव्हता.